चॉकलेटी पट्टा आणि गोलची दोरी

चॉकलेटी रंगाचा मला राग आहे. दुकानात त्या रंगाची पर्स, पडदा, अगदी चप्पल दिसली तरी मी तोंड फिरवते, आणि घरातल्या लहान मंडळींना ते माझ्या म्हातारपणाचं खूळ वाटतं. वाटू दे. ज्या घरात मी वाढले त्याच्या चारी भिंतींना खालपासून माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा होता आणि त्याच्या वर पिवळसर डिस्टेंपर. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या प्रत्येक घराला तसाच पट्टा, जिन्याला तोच, मीटरच्या खोलीलाही तोच. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, काय एकी आहे या लोकांत! एकी होतीच. उल्हास नदी आमच्या घरांत शिरून परत गेली, त्यानंतरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये ती झाली होती. पुढच्या वेळी पाणी कसं अडवायचं यावर त्या मीटिंगमध्ये कुणी अवाक्षर काढलं नाही. भिंतीवर राहिलेले पाण्याचे डाग कसे झाकायचे यावर मात्र सगळे तावातावाने बोलले, आणि सेक्रेटरी सावंतकाका रंगाचं नमुनापत्रक खिशात घालूनच आले होते. शेवटी ठरलं ते दोन वाक्यांत. भिंत चॉकलेटी करायची, आणि कुणी विचारलं तर आमच्याकडे पाणी येत नाही असं सांगायचं.

तो पूर मला आठवतो तो आधी आवाजाने. उजाडता उजाडता स्वयंपाकघरात ठण्ण ठण्ण असं काही तरी वाजायला लागलं. आईला वाटलं मांजर शिरलं. बघतो तर गॅसचा सिलिंडर तरंगत होता आणि ओट्याला धडका देत होता. पीठ, तांदूळ, माझी पुस्तकं, पप्पांचे कंपनीचे बूट, सगळं एका लाल पाण्यात गोल गोल फिरत होतं. पप्पांनी मला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकांकडे नेऊन ठेवलं. मग ते परत खाली गेले. आई जिन्यातून हाका मारत राहिली, पण ते बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा केसांपासून भिजलेले होते आणि छातीशी बाबासाहेबांचा फोटो धरलेला होता, टॉवेलात गुंडाळलेला. नंतर कितीतरी वर्षं पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवून सांगायचे, "पाणी वर वर आलं, पण चौकटीखाली थांबलं. फोटोला शिवलंसुद्धा नाही." पाहुण्यांना बरं वाटायचं. मलाही वाटायचं. त्या घरात अभिमानाने सांगावं असं तेवढंच तर उरलं होतं.

पण पट्ट्याला आमची मीटिंग ठाऊक नव्हती. दर पावसाळ्यात ऑइलपेंट फुगायचा, त्याचे पापुद्रे सुटायचे आणि फोटोच्या चौकटीच्या खालच्या कडेला समांतर अशी मिठासारखी पांढरी रेघ भिंतीवर उमटायची. पप्पा अंबरनाथच्या एका कंपनीत स्टोअरला होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी विहारात वंदनेला जाऊन आले की बनियनवर बसायचे आणि पॉलिशपेपरने ती रेघ घासायचे. खर्र खर्र, खर्र खर्र. त्या आवाजावर आई भाकऱ्या थापायची. सुकटाची चटणी, ज्वारीची भाकरी आणि रंगाचा उग्र वास, हा आमचा रविवार. तिला त्या ओलीने दमा जडला होता. मधूनमधून तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची आणि पप्पांचा हात थांबायचा. "एकदा हे विकू दे. वरच्या मजल्यावर घेऊ कुठेतरी, उन्हातलं," ते म्हणायचे. गिऱ्हाईक बघायला येणार असलं की आई दोन्ही खोल्यांत अगरबत्त्या लावायची आणि भिंत जिथे फुगलेली असे तिथे कॅलेंडर टांगायची. सोसायटीतल्या सगळ्याच बायका ते शिकल्या होत्या. कुठल्या घरात अचानक चंदनाचा वास सुटला की पोरांना कळायचं, आज कुणीतरी फ्लॅट बघायला येतंय. मग खेळताना ओरडायचं नाही, आणि पाण्याचा विषय तर काढायचाच नाही.

फुटबॉल आमच्याकडे आला तो अशा दिवसांत. मुंबईच्या एका संस्थेने ठरवलं होतं की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मुलींची मिळून एक टीम करायची, आणि खेळता खेळता वस्तीला हवामान बदलावर बोलतं करायचं. शिल्पाताई नावाच्या प्रशिक्षक शनिवार-रविवारी यायच्या. मैदान म्हणजे नदीकडचा मंदामावशींचा उरलेला तुकडा. मंदामावशी तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. आसपासची त्यांची सगळी शेती इमारतींखाली गेली होती, एवढा तुकडा त्यांनी हट्टाने ठेवला होता आणि म्हशी बांधायच्या त्या जागी आम्हाला खेळू देत होत्या. गोलला लोखंडी खांब कुठून येणार? दोन बांबू रोवलेले, आणि वरच्या आडव्या दांडीच्या जागी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. दोरी बांधायचं काम कीपरचं, म्हणजे माझं. मी बुटकी, त्यामुळे ती जरा खाली बांधायचे, आणि चेंडू दोरीवरून गेला की खालून, यावर दर मॅचला भांडण व्हायचं. "ए प्रज्ञा, दोरी ऊपर कर ना, चीटर!" असं ओरडणारी पहिली हर्षा.

हर्षा उल्हासनगरची, सिंधी, आमची स्ट्रायकर. तिच्या वडिलांचं चेन-बटणांचं छोटं दुकान होतं आणि आई घरी जीन्सचे धागे कापायची. हर्षा प्रॅक्टिसला येताना डब्यात दाल-पकवान नाहीतर कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाडजूड सिंधी पोळी आणायची, मी सुकटाची चटणी न्यायचे, आणि दोन्ही एकत्र खाऊन आम्ही दोघी पाण्यासाठी धावायचो. तिच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या घरात कोसळला होता. नशिबाने घरात कुणी नव्हतं. त्या दिवसापासून तिची नानी छताकडे बघत झोपायची. बिल्डिंग धोकादायक ठरली होती, खाली करायची नोटीस लागली होती, आणि त्यांचं घर शोधणं चाललं होतं. नानीचे गुडघे गेलेले. तिला एक पायरीही चढवत नव्हती.

शिल्पाताईंचा एक खेळ मला फार आवडायचा. गोलसमोर हिरवे प्लॅस्टिकचे कोन दाटीवाटीने मांडायचे. ते म्हणजे शेतं, तळी, झाडं, पाणथळ जागा. चेंडू म्हणजे पाऊस. समोरच्यांनी लांबून फटके मारायचे, आणि दर थोड्या वेळाने ताई काही कोन उचलून न्यायच्या. आधी चेंडू कोनांना अडखळून इकडेतिकडे जायचे. मग कोन संपत आले की सगळे फटके सरळ माझ्यावर. ताई ओरडायच्या, "आता पाऊसही वाढला!" आणि दोन-दोन चेंडू एकदम यायचे. एकदा खेळ संपल्यावर त्यांनी विचारलं, "प्रज्ञा, काय वाटलं?" मी म्हटलं, "ताई, तळमजल्यावर राहते असं वाटलं." सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी नदीकडे बघितलं. तिथे काठाला ट्रक लागलेले होते आणि मातीचा भराव पडत होता. जी खाचरं पावसाचं पाणी पोटात घ्यायची ती बुजवून तिथे एक टॉवर उठणार होता. रोज एक हिरवा कोन उचलला जात होता, आमच्या डोळ्यांदेखत.

आणि त्याच टॉवरच्या शेठने आमच्या टीमला जर्सी दिल्या! पाठीवर टॉवरचं चित्र, त्याच्या पायाशी निळी निळी नदी. हवामान बदलावरची मॅच, आणि आमच्या पाठीवर ही जाहिरात. शिल्पाताईंनी नको म्हणून पाहिलं, पण त्यांच्या वरच्यांनी आधीच हो म्हटलं होतं. मला तो निर्लज्जपणा तेव्हा पुरता कळला नाही, नवी जर्सी अंगावर येण्याचा आनंदच मोठा होता. आता कळतो आणि आता माझं डोकं तापतं. माणसं वाईट असतात याचा मला एवढा राग येत नाही. वाईट करून वर टाळ्या घेतात, त्याचा येतो.

मोठ्या मॅचच्या आदल्या आठवड्यात प्रॅक्टिस संपवून आम्ही बुटांच्या लेस सोडत बसलो होतो. हर्षाने माझ्या पाठीत धपाटा घातला.

"सुन, गुड न्यूज है। मम्मी-पापा को तेरे ही एरिया में घर पसंद आया है। ग्राउंड फ्लोअर! नानी सीधा बाहर आके बैठेगी।"

"कुठली बिल्डिंग?"

"वो पीला गेट है ना, अंदर आंबे का झाड़? एजंट ने फोटो दिखाया. मॅच के बाद सब लोग देखने आएंगे।"

पिवळं गेट आणि आत आंबा, अशी इमारत एकच होती. आणि तिच्यात विकायला काढलेलं तळमजल्याचं घरही एकच होतं.

"पाण्याचं काही विचारलंत?" मी म्हटलं.

"पूछा ना। एजंट बोला, यहाँ पानी आता ही नहीं। आया था तो बस गेट तक।" मग तिला काहीतरी वेगळंच सुचलं आणि ती माझ्या गळ्यात पडली. "अरे, तू कौनसी बिल्डिंग में रहती है? पड़ोसी बनेंगे अपन!"

मी घरी आले तेव्हा पप्पा भिंत घासत होते. मी चप्पलही न काढता म्हटलं, "पप्पा, जे लोक आपलं घर बघायला येणारेत ते हर्षाच्या घरचे आहेत. त्यांना सांगा."

खर्र खर्र थांबलं. "काय सांगू?"

"पाण्याचं."

"प्रज्ञा, मोठ्यांच्या व्यवहारात पडू नकोस."

"तिची नानी चालूही शकत नाही हो! सिलिंडर तरंगत होता आपल्याकडे. ती कशी बाहेर पडणार?"

पप्पा उठले. त्यांच्या भुवयांवर चॉकलेटी भुकटी बसली होती. ते ओरडणाऱ्यांतले नव्हते, पण त्या दिवशी ओरडले. "आपल्याला विकताना कुणी सांगितलं होतं? मी नाही विचारलं? मला काय बोलले? नदी लांब आहे साहेब, बिनधास्त घ्या! तुझ्या आईच्या छातीतली शिट्टी ऐकू येते ना तुला? मी खरं बोललो तर हे घर कोण घेणार? आणि माझं एकट्याचं जाऊ दे, सगळ्या सोसायटीचा भाव पडेल. उद्या सावंत मला दारात उभं करणार नाही. संकटात त्याच्याच घरी जाऊन बसलो होतो आपण."

"विहारात जाऊन तुम्ही दर रविवारी काय म्हणता, पप्पा? खोटं बोलणार नाही, असंच म्हणता ना?"

आईने तव्यावरची भाकरी उलटली नाही. जळल्याचा वास आला. पप्पा न जेवता बाहेर निघून गेले. आई एवढंच म्हणाली, "वाईट नाहीत गं ते. अडकलेत." मला तेव्हा ते पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. अडकलेला माणूस दुसऱ्याला त्याच जागी अडकवून सुटतो, मग तो तिसऱ्याला, आणि ज्याने मुळात सापळा लावला तो शेठ मात्र कुणाच्या नजरेत येत नाही. आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत धूळ फेकत राहिलो आणि त्याचे ट्रक चालू राहिले.

मॅचच्या दिवशी मंदामावशींच्या तुकड्यावर मांडव पडला. सोसायटीतली माणसं आली, तिन्ही गावांतले पालक आले, वडापावची गाडी आली. शेठ प्रमुख पाहुणा. हर्षाचे आई-वडील आले होते आणि नानीलाही त्यांनी रिक्षातून आणलं होतं. तिला माझ्या गोलच्या बाजूलाच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. नानी माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसली आणि पिशवीतून कोकी काढून पुढे केली. "खा बेटी, ताकद आएगी।" मी ग्लोव्हज घातलेल्या हातांनी ती घेतली आणि न खाता बांबूपाशी ठेवून दिली.

टीमच्याच दोन बाजू पाडून मॅच सुरू झाली, पण पहिल्या हाफला माझं लक्ष नव्हतं. समोरच्या बाजूच्या, अंबरनाथच्या एका मुलीचा फटका दोरीला लागला, गाठ सुटली आणि दोरी खाली पडली. तेवढ्यात शिट्टी वाजली. हाफटाइमला खेळ थांबवून लोकांशी बोलायचं, हाच तर त्या मॅचचा हेतू होता. शिल्पाताईंनी सगळ्यांना मैदानात बोलावलं. साधासा प्रश्न होता त्यांचा. "पूर आला तेव्हा तुमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं? बोलू नका. फक्त आपल्या अंगावर हात लावून दाखवा."

काय सांगू मी ते दृश्य! तळमजल्याची शहाणीसुरती, मिळवती माणसं, ज्यांचे फ्रिज मी डोळ्यांनी तरंगताना पाहिले होते ती माणसं, एकामागून एक वाकली आणि त्यांनी घोट्याला हात लावला. सावंतकाका दुसऱ्या मजल्यावरचे, पण तेही वाकले, इतरांनीही तसंच करावं म्हणून. एकाने तर नुसतं चपलेकडे बोट केलं. पप्पा मागे उभे होते. ते वाकले नाहीत, पण त्यांनी हातही कुठे लावला नाही. मंदामावशी तेवढ्या कडाडल्या, "पायाला? मंग माजी म्हस काय पायाला पानी लागून व्हावली?" लोक हसले. सावंतकाका म्हणाले, "मावशींचं वय झालंय, त्यांना जुनं काहीतरी आठवतंय." आणि ते हसणं त्यांनी मावशींवर उलटवलं. माझ्या कानशिलात आग झाली.

मग शेठने माइक घेतला. "मित्रांनो, हा हवामान बदलाचा काळ आहे. पाऊस लहरी झालाय. निसर्गापुढे कुणाचं काय चालणार? पण आपण प्लॅस्टिक टाळू या, दारात एक झाड लावू या." टाळ्या पडल्या. पाऊस बदलला हे खोटं नव्हतं. पूर्वी महिनाभर पडायचा तो एका दिवसात कोसळायला लागला होता, मंदामावशीही तेच सांगायच्या. पण त्या पावसाला उतरायला जी जागा होती ती बुजवणारा माणूस आमच्यासमोर उभा राहून आभाळाला दोष देत होता, आणि ज्यांची घरं बुडली होती ते घोट्यावरचा हात काढून त्याला टाळ्या देत होते. हवामान बदल हा मोठा शब्द त्या दिवशी एवढ्याच कामाला आला, की आपापली पापं त्यात बुडवावीत आणि हात झटकावेत. माझ्या समोरचे सगळे कोन उचलले गेले होते. आणि हर्षाची आई माझ्या आईला विचारत होती, "दीदी, सच्ची पानी नहीं आता ना इधर? अम्मां को लेके रहना है।" आईच्या छातीतली शिट्टी मला लांबून ऐकू आली.

मी पडलेली दोरी उचलली. एका बांबूपाशी गेले, माझ्या हनुवटीशी दोरी लावली आणि करकचून गाठ मारली. दुसऱ्या बांबूला तशीच. भिंतीवर दर पावसाळ्यात उमटणारी पांढरी रेघ तिथेच यायची. हर्षाला वाटलं मी नेहमीसारखी चीटिंग करते आहे. ती ओरडली, "ए बुटकी, इतना नीचे?"

"चीटिंग नाहीये हर्षा," मी म्हटलं. माझा आवाज फुटला, पण मोठा निघाला. "पाणी इथवर होतं. पिवळ्या गेटच्या तळमजल्यावर. ते घर माझं आहे."

माइक शेठच्या हातात तसाच राहिला. सावंतकाका लगबगीने पुढे आले. "लहान होती हो ती. मुलं काहीही मनात धरतात. प्रज्ञा, दोरी वर घे बघू, मॅच सुरू करायची आहे." पण हर्षाच्या आईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती दोरीकडे बघत होती. मग दोरीच्या सरळ रेषेत, खुर्चीत बसलेल्या नानीकडे. नानीचं डोकं दोरीच्या खाली होतं. नानीला काय चाललंय ते कळलं नव्हतं. ती कोकीचा तुकडा मोडत होती.

गर्दीतून पप्पा पुढे आले. सावंतकाकांना हायसं वाटलं. "घ्या, बापच आला. सांगा हो पोरीला." पप्पांनी मला हाताने बाजूला केलं आणि गाठ सोडायला लागले. मला वाटलं, संपलं. मी रडायच्या बेतात होते. त्यांनी दोरी सोडली, वर सरकवली, आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथेही वर बांधली. नंतर दोरीकडे तोंड करून ताठ उभे राहिले. दोरी त्यांच्या ओठांवर आली.

"पोरगी चुकली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तिने पाहिली ती ओलीची रेघ. तिला मी आधीच वर नेलं होतं. मी परत खाली गेलो तेव्हा पाणी इथवर होतं. तोंड उघडलं असतं तर आत गेलं असतं. बाबासाहेबांच्या फोटोला पाणी शिवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं आहे. फोटो अर्धा पाण्यात होता. घरात आहे तो मी नंतर आणलेला. जुना माळ्यावर आहे, टॉवेलात." मग ते हर्षाच्या आईकडे वळले, आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "बहनजी, ये घर मत लो. अम्मां के लिए मत लो."

आई येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तिने दोरीला हात लावला. ती तिच्या डोळ्यांपाशी येत होती. मंदामावशी म्हणाल्या, "आता कसा बोललास, मानसावानी!" आणि मग मागून कुणीतरी एक बाई, आमच्याच बिल्डिंगमधली, हळूच पुढे आली आणि तिने आपला हात घोट्यावरून उचलून गळ्याशी नेला. तिच्यामागून आणखी एक. सगळे नाही आले. शेठ घड्याळ बघून निघून गेला. पण शिल्पाताईंना जे बोलणं हवं होतं ते त्या संध्याकाळी सुरू झालं, आणि ते प्लॅस्टिकवर नव्हतं. भराव कुणी टाकला, परवानगी कुणी दिली, आपण सह्या कुठे करायच्या, असं ते बोलणं होतं. दुसरा हाफ झालाच नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की मग सगळं छान झालं. अजिबात नाही. टॉवर झाला. त्याच्यामुळे पुढच्या पुरात पाणी आणखी आत आलं. जर्सी परत मागितल्या, त्या आम्ही धुऊन, इस्त्री न करता दिल्या. सावंतकाकांनी आमच्याशी बोलणं टाकलं, पण पुढच्या पुरात दार उघडलं, हेही सांगायला हवं. आमचं घर विकलं गेलं नाही. आईची छाती ओलीतच वाजत राहिली, आणि ती गेली तेव्हा मी कुणाकुणाला मनात शिव्या दिल्या ते इथे लिहिता येणार नाही. हर्षाच्या घरच्यांना परवडलं ते अंबरनाथला, वरच्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. मी आणि हर्षाने नानीला खुर्चीसकट उचलून जिना चढवला. त्यानंतर ती कधी खाली उतरली नाही. खिडकीत बसून खाली खेळणाऱ्या पोरांना हाका मारायची. खरं बोलण्याची किंमत नेहमी ज्याने खोटं पसरवलं त्याच्याकडून वसूल होत नाही, हे मी तेव्हा शिकले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं.

त्या मॅचनंतरच्या रविवारी पप्पांनी माळ्यावरचं टॉवेलातलं बोचकं उतरवलं. फोटोच्या खालच्या अर्ध्या भागातली शाई पाण्याबरोबर गेली होती, वरचे डोळे तेवढे स्वच्छ होते, आणि मधून चिखलाची आडवी रेघ. विहारातले काहीजण म्हणाले, असा फोटो लावू नये. पप्पा म्हणाले, "दाखवायला लाजले नसते ते." त्यांनी नवा फोटो आतल्या खोलीत नेला आणि जुना पुढच्या खोलीत, त्याच खिळ्याला लावला. भिंत खरवडली, पट्टा काढला आणि पुन्हा लावला नाही.

मी आजही याच घरात राहते. गुडघे कुरकुरतात, पण पाणी यायला लागलं की अजून वेळेत वर पोचते. परवा शेजारच्या बंद फ्लॅटला रंग लागला. चॉकलेटी. काल सकाळी जिन्यात चंदनाचा वास सुटला आणि एक तरुण जोडपं आलं, बाईच्या कडेवर बाळ. नव्या सेक्रेटरीने मला डोळ्यांनी खूण केली. मीही हसले. म्हटलं, किल्ली यायला वेळ लागेल, उन्हात कशाला उभे राहता, आत या, चहा घ्या. आणि त्यांना फोटोच्या समोरच्या खुर्च्यांवर बसवलं.